कौसल्याच्या नावावरचं नेट

माणसं लहानाची मोठी होतात. मी म्हाताऱ्याचा मोठा झालो. आधीच्या प्रकरणांत मी कालव्याच्या चारीवरच्या नोकरीचं लिहिलं, लग्नाचं लिहिलं, पोरांचं लिहिलं. ते सगळं वाचून माझी सून रेखा म्हणाली, "अण्णा, यात तुमी मोठे कधी झाले ते कळून न्हाई राह्यलं." बराबर बोलली. तोवर झालोच नव्हतो. भाकरी ताटात यायची, धुतलेला सदरा खुंटीवर यायचा, चहा हातात यायचा, आणि हे कुठून येतं असं मी कधी विचारलं नाही. कौसल्या गेली, म्हणजे माझी बायको, आणि तेव्हा कुठं मला चहा करता येत नाही हे माझ्या ध्यानात आलं. पहिला चहा मी केला तो मांजरीनं हुंगला आणि माझ्याकडं अशी बघत निघून गेली की मीच तिची माफी मागावी. तर हे प्रकरण माझ्या मोठं होण्याचं. त्यात एक जुना कॉम्प्युटर आहे आणि दही आहे. दुसरं विशेष काही नाही.

आमचं घर अंबडला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. मुलगा संतोष रोज जालन्याला जाऊन-येऊन करतो, बियाण्याच्या एका कंपनीत कारकून आहे. रेखा सकाळच्या शाळेत शिकवते आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून कॉम्प्युटरवर शिकवण्या घेते. आमच्या घरच्या संध्याकाळचे आवाज सांगायचे तर आधी कुकरच्या शिट्ट्या, मग स्टँडवरून कंडक्टरची घंटी, आणि मग रेखाचं, "हॅलो, मी दिसून राह्यले का? आवाज येतोय का?" पलीकडची पोरं पुण्या-मुंबईची. ती काय म्हणायची ते आम्हाला ऐकू यायचं नाही, पण रेखाच्या तोंडावरून कळायचं की तिचं चित्र पुन्हा अडकलं. एकदा संतोष वैतागून म्हणाला, "आपलं नेट कोणीतरी चोरून राह्यलं, अण्णा. बिलकुल चोरीच आहे."

चोरी म्हटलं की माझे कान उभे राहतात. जन्म त्यातच गेला. चौथीतून शाळा सुटली आणि मिसरूड फुटायच्या आत मी तीर्थपुरीच्या बाजूला कालव्याच्या चारीवर पाटकरी म्हणून लागलो. पाटकऱ्याचं काम म्हणजे ज्याची पाळी त्याला पाणी द्यायचं आणि ज्याची नाही त्याला घेऊ द्यायचं नाही. दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं. माझ्या वरचे होते कासमभाई, दाढी मेंदीनं लाल केलेले, सायकलीला चारीच्या लोखंडी दारांच्या किल्ल्या बांधून हिंडणारे. पहिल्याच पाळीत पाणी कुठंतरी मुरायला लागलं. मी तरणाताठा, बांधाबांधानं पळत चोर शोधत होतो. कासमभाई बाभळीखाली बसून कांदा-भाकर खात होते. मला हाक मारून म्हणाले, "काहे को भागता रे? दार गिरा दे. जिसका खेत सूखेगा वो आपीच चिल्लाता आएगा." मी चारीचं दार पाडलं, पाणी बंद झालं. ऊन डोक्यावर यायच्या आत एक बागायतदार शिव्या देत हजर झाला, आणि त्यानं तोंड उघडताच आम्हाला कळलं की पाणी कुणाच्या शेतात जात होतं. एवढी एकच विद्या मी नोकरीत शिकलो आणि तिच्यावर पेन्शनीपर्यंत आलो.

कौसल्याच्या वर्षश्राद्धाला माझी मुलगी मनीषा पुण्याहून आली. ती कॉम्प्युटरच्या कामात आहे. पाहुणे गेले, भांडी मांडणीवर गेली, घर एकदम मोठं झालं, आणि बापाच्या तोंडाकडं बघत बसण्यापेक्षा तिनं माळ्यावरचा संतोषचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. त्यातलं जुनं सगळं पुसून तिनं लिनक्स नावाचं काहीतरी घातलं.

"केवढ्याला आणलं?" मी विचारलं.

"फुकट असतंय, अण्णा. कुणा एकाचं नसतं ते. सगळ्यांनी मिळून केलंय, कुणीपण वापरावं."

"म्हणजे गायरान."

"तसंच समजा. फक्त याच्यावर कोणी अतिक्रमण न्हाई केलं अजून."

मग तिनं मला जे समजावलं ते मला एका दमात समजलं, ह्याचं तिला नवल वाटलं, मला नाही. बाहेरून येणारी नेटची वायर तिनं आधी या कॉम्प्युटरमध्ये घातली आणि याच्यातून दुसरी वायर राउटरला दिली. राउटरकडचं वाटपाचं काम काढून घेतलं, त्यानं आता नुसतं हवेत फेकायचं. म्हणजे सगळं पाणी आधी या डब्यातून जाणार. कोणत्या फोननं किती घेतलं, कुठून घेतलं, कधी घेतलं, ते पडद्यावर ओळीनं दिसणार. मी म्हणालो, "आणि घेऊन काय केलं ते?" ती म्हणाली, "ते न्हाई दिसत. ते कुलूपबंद असतंय." चारीवरही तसंच. पाणी किती गेलं ते मी सांगायचो, त्यानं ऊस भिजवला का कापूस ते त्याचं त्याला माहीत. घरातल्या फोनांची नावं तिनं मराठीत लिहून दिली. ज्याचं नाव तिला माहीत नाही तो फोन स्वतःचं जे नाव सांगेल ते इंग्रजीत येणार. आणि प्रत्येक नावापुढं एक हिरवं बटण. ते दाबलं की लाल होतं आणि त्या फोनचं नेट बंद. "याला हात लावायचा न्हाई, अण्णा," मनीषा म्हणाली. माझ्या हाताखाली दार देऊन मला हात लावू नको म्हणते. पुण्याची झाली पोरगी.

वायर स्वयंपाकघरातून येते म्हणून तो डबा धान्याच्या कोठीवर ठेवला, जिथं कौसल्या दुधाची पातेली झाकून ठेवायची. त्याचा पंखा जात्यासारखा घरघरायचा आणि पाठीमागून ऊब यायची. थंडीचे दिवस होते, मांजरीनं पहिल्याच दिवशी ती जागा आपल्या नावावर करून घेतली. मीही स्टूल ओढून तिच्याशेजारी बसायला लागलो. मनीषा परत गेली आणि मी पुन्हा कामावर रुजू झालो.

पहिला चोर लगेच सापडला. संध्याकाळी, बराबर रेखाच्या शिकवणीच्या वेळी, एक ओळ बाकी सगळ्यांना खाली दाबून लांबच लांब होत जायची. मी चष्मा पुसून नाव वाचलं. नाव होतं "अण्णा". दुपारी मी शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे व्हिडिओ लावायचो, बघता बघता डोळा लागायचा आणि फोन उशीखाली संध्याकाळपर्यंत बैल पळवत बसायचा. एक जोडी संपली की दुसरी. रेखा तिकडं "आवाज येतोय का" करत बसलेली आणि इकडं माझे बैल तिचं सगळं पाणी पिऊन टाकत होते. मी हे घरात कुणाला सांगितलं नाही. चोर पाटकरीच निघाला तर पंचनामा कोण करणार? संध्याकाळचे बैल बंद केले. रेखाचं चित्र हलायला लागलं. संतोष म्हणाला, "अण्णांच्या डब्यात दम आहे." मी मान हलवली.

पण एकदा दार हातात आलं की माणूस थांबत नाही. सकाळी संतोष आणि रेखा निघून गेले की मी तिथंच. त्या वेळी घरात आवाज म्हणजे त्या डब्याची घरघर आणि मोरीच्या भिंतीपलीकडं शांताबाईंचं बोलणं. शांताबाई म्हणजे आमच्या पाठीला पाठ लावून असलेल्या घरातल्या. बौद्ध आहेत, अंगणवाडीत मदतनीस होत्या, नवरा फार आधी गेला. त्या रोज सकाळी भिंतीपलीकडच्या धुण्याच्या दगडावर बसून लाडात काहीतरी बोलायच्या, "अले माझं सोनं, दात आला का रं? दाव दाव." त्यांच्याकडं शेळी आहे. मी समजायचो शेळी व्याली असेल.

अशाच एका सकाळी पडद्यावर तळाला इंग्रजीत एक नवी ओळ उगवली. मला इंग्रजी येत नाही, पण ती अक्षरं मला येत होती. दवाखान्याच्या फाईलवर वरच्या कोपऱ्यात तीच होती आणि ती फाईल मी काखेत मारून जालना आणि अंबड करत एक अख्खा उन्हाळा काढला होता. कौसल्या. माझी बायको माझ्या घरचं नेट वापरत होती.

मी उठून कपाट उघडलं. तिचा फोन तिच्या चष्म्याच्या आणि मिशरीच्या डबीच्या मध्ये होता तसाच होता, काळा ठिक्कर, बॅटरी मेलेली. परत येऊन पाहिलं. नाव होतं. आणि अजून एक गोष्ट होती. बाकी आम्ही सगळे नुसते घेतो. संतोष घेतो, रेखा घेते, माझे बैल तर ओरबाडून घेतात. या एका ओळीत जेवढं आत येत होतं तेवढंच बाहेर जात होतं. मनीषानं सांगितलेलं आठवलं, की दोन्हीकडनं सारखं असलं म्हणजे समोरासमोरचं बोलणं. म्हणजे कौसल्या कुणाशी तरी बोलत होती. जन्मभर कालव्यावर काम केलं, पण वरच्या अंगाला परत पाणी देणारं शेत मी कधी पाहिलं नव्हतं. ती मात्र तशीच होती, हे मला तिथं स्टुलावर कळलं.

मी भुताखेताला मानणारा माणूस नाही. हे लिहून झालं, आता खरं काय केलं ते लिहितो. मी दुसऱ्या दिवशी त्या वेळेला दोन कप चहा केला. एक कोठीवर ठेवला. मांजरीनं या वेळी प्यायला, म्हणजे तोवर माझा हात सुधारला होता. नाव उगवलं, थोडा वेळ राहिलं, गेलं. मी रोज वाट पाहायला लागलो. दाढी करून बसायचो. सदरा बदलायचो. कुणाशी बोलत असेल ती, मला काहून नाही करत फोन, असाही एक विचार आला, आणि मला तिचा राग आला. मेलेल्या बाईवर रुसणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. रेखाला आडून विचारलं, "तुझ्या सासूचा फोन कोणी घेतं का?" ती म्हणाली, "कपाटातच हाय की, अण्णा," आणि माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग मी कुणाला विचारलं नाही. पोरांनी मिळून डॉक्टरकडं नेलं असतं.

शेवटी कासमभाई आठवले. हिंडायचं नाही, विचारायचं नाही. दार पाडायचं आणि बाभळीखाली बसायचं. ज्याचं सुकेल तो आपणच ओरडत येईल. मी कौसल्याच्या नावापुढचं हिरवं बटण दाबलं आणि ते लाल झालं.

कोणी आलं नाही. दुसऱ्या सकाळी मी दाराकडं तोंड करून बसलो. दूधवाला आला, गॅसवाला आला, ओरडत कोणी आलं नाही. पडद्यावर नाव नाही. भिंतीपलीकडंही सामसूम. शेळी विकली वाटतं, असं माझ्या मनात आलं. घर इतकं गप्प झालं की मी त्या डब्यावर थाप मारून पाहिली, चालू आहे का. चालू होता. मी स्वतःच्या हातानं तिला बंद केलं होतं आणि तिनं एका शब्दानं तक्रार केली नाही. तेही तिचंच वळण.

त्या संध्याकाळी मी जेवायला बसलो. माझं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, ठेचा आणि दही. दही तोंडात घातलं आणि थांबलो.

"रेखा, हे काय आहे?"

"दही."

"हे दही न्हाई. हे आंबट पाणी आहे."

"पिशवीचं आणलंय, अण्णा. दुकानातून."

"काहून? घरचं काय झालं?"

रेखानं लाटणं खाली ठेवलं. "घरचं कुठलं? आपल्या घरात आई दवाखान्यात गेल्यापासून दही लागलंच न्हाई. मला कुठं वेळ हाय. शांताकाकू देत होत्या रोज, मागच्या दारानं. आईंचंच विरजण हाय ते. आई आजारी पडल्या तेव्हा त्यांनी वाटीभर नेलं, म्हणल्या, 'मी जित्तं ठेवते.' तेच लावून राह्यल्या त्या. पण दोन दिस झाले, आल्याच न्हाईत. दार वाजवलं तर आतूनच म्हणल्या, दूध नासलं."

हे दही मी वर्षभर खात होतो. रेखाचा हात सासूवर गेलाय, असं एकदा पाहुण्यांसमोर म्हणालोही होतो. आणि खरं सांगायचं तर माझ्या आईच्या काळात त्या घरचं दही आमच्या चुलीपर्यंत आलं नसतं. हे कौसल्यानं कधी बदललं, कसं बदललं, मला माहीत नाही. चारीचं प्रत्येक दार मला माहीत होतं, माझ्या घराच्या मागच्या दारानं काय जातं-येतं ते नव्हतं.

सकाळी मी रिकामी वाटी घेऊन शांताबाईंच्या दारात गेलो. वाटी काहून घेतली ते आता सांगता येत नाही. त्या निवडण घेऊन बसल्या होत्या. कोपऱ्यात शेळी म्हातारी, रवंथ करत. करडू कुठंच नव्हतं.

"या भाऊ," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.

"दही आलं न्हाई," मी म्हणालो.

"दुकानात मिळतंय की."

"शांताबाई, काही चुकलं का आमचं?"

त्यांनी सुपातला खडा काढून अंगणात फेकला. "चुकलं न्हाई. तुमचं घर, तुमची मर्जी. कौसल्यानं मला तिचा पह्यला फोन दिल्ता, संतोषनं तिला नवा घेऊन दिला तेव्हा. आमच्या पत्र्यात रेंज येत न्हाई. ती म्हणली, 'शांते, मोरीच्या भिंतीशी बस, आमचं नेट येतंय तिथं.' तिनंच सगळं जोडून दिलं. फोनात नाव तिचंच हाय अजून. माझी नंदा नाशकाला नर्स हाय. ड्युटीला जायच्या आधी लेकराला दाखवायची. तेवढंच बघत होते. परवापासून बंद झालं. मी समजले, कौसल्या गेली, तिचं नाव काढलं." मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "आमच्या आज्याला आडावर येऊ देत नव्हते, भाऊ. पण ते निदान तोंडावर सांगत होते."

मी पायरीवर बसलो. मी म्हणालो, "मी पाडलं दार. पण तुमचं म्हणून न्हाई. मला वाटलं..." आणि काय वाटलं ते त्या बाईला सांगावं लागलं. दोन कप चहा, दाढी, सदरा, रुसणं, सगळं. करडाचंही सांगितलं, की मी तुमच्या नातवाला शेळीचं पोर समजत होतो. शांताबाई आधी ऐकत राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. मग रडल्याही.

"तुमी दाढी करून बसत होते?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"कौसल्यानं जल्माला पाह्यलं न्हाई ते मरून करून घेतलं."

मग आम्ही दोघं कामाला लागलो. मी घरी पळालो, त्या फोन घेऊन दगडावर बसल्या. घाईत मी लाल बटणाऐवजी भलतंच काही दाबलं आणि सगळ्या घराचं नेट गेलं. मनीषाला फोन लावला, तिनं शिव्या न देता एकेक सांगितलं, म्हणजे आईवर गेली आहे. मी मोरीच्या भिंतीशी जाऊन ओरडायचो, "आलं का?" पलीकडून, "न्हाई." पुन्हा डब्याकडं. "आता?" "नुसतं गोल फिरून राह्यलंय." चारीवर असंच ओरडायचो आम्ही, एक जण दाराशी, एक जण शेताच्या टोकाला. "आता?" पलीकडून आवाज आला, "अले माझं सोनं, कुठं गेल्ता रं?" पडद्यावर कौसल्याचं नाव उगवलं. जेवढं आत तेवढं बाहेर. मी तिथंच उभा राहिलो. चहा एकच केला होता.

घरी पळताना त्यांच्याकडं विसरलेली माझी वाटी संध्याकाळी भिंतीवरून आली, भरलेली. वर हुकूमही आला, की यातलं चमचाभर काढून ठेवा आणि उद्यापासून स्वतः लावा, मी किती दिस पुरणार. आता मीच लावतो. कोमट दुधात बोट बुडवून बघायचं, चटका बसला तर थांबायचं, हे मला सत्तरीच्या पुढं एका शेजारणीनं भिंतीवरून शिकवलं. थंडीत दही लागत नाही म्हणून मी पातेलं त्या कॉम्प्युटरच्या पाठीशी, त्याच्या उबेला ठेवतो. असं घट्ट लागतं की रेखा शाळेत डबा भरून नेते. मांजरीला जागा बदलावी लागली, ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मनीषानं पुढच्या फोनला विचारलं, "मंग अण्णा, चोर सापडला का?"

"सापडला. तुझी आई. वाटत फिरायची."

ती म्हणाली, "त्या फोनचं नाव बदलून शांतामावशी करू का? इथूनच होतंय."

"राहू दे," मी म्हणालो.

"आणि तुमचं ते दार पाडायचं शास्त्र?"

"ते बराबर आहे. ज्याचं सुकलं तो गेलाच की वाटी घेऊन."

शांताबाईंना आता आमच्या डब्याचं सगळं कळतं. सकाळी कधी लेकराचं चित्र अडकलं की त्या भिंतीवर लाटण्यानं दोनदा ठोकतात आणि विचारतात, "भाऊ, तुमचे बैल पळून राह्यले का?" पळतच असतात. पडद्यावर कौसल्याचं नाव आलेलं असतं. मी बैल थांबवतो.